पायाची नखे आणि शेपटीचे मणके : बारा सिमलाच्या मांसाहारी डायनोसॉरांच्या वर्गीकरणाचा इतिहास

भारतात सापडलेल्या डायनोसॉरांची कोणतीही यादी उघडली, की तिच्यात काही नावे ओळीने येतात : इंडोसूकस, इंडोसॉरस, लेव्हिसूकस, जबलपुरिया, सीलुरॉइडिस, ड्रिप्टोसॉरॉइडिस, ऑर्निथोमिमॉइडिस आणि कॉम्प्सोसूकस. ही आठही नावे दोन पायांवर चालणाऱ्या, मुख्यतः मांसाहारी अशा थेरोपॉड डायनोसॉरांची आहेत. आठही नावे १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या एकाच ग्रंथात प्रथम आली आणि आठांचीही हाडे मध्य प्रदेशातील जबलपूर शहरालगतच्या बारा सिमला या एकाच टेकडीतून निघाली.

यादी पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रश्न पडत नाही, पण पडायला हवा. एका टेकडीच्या एका थरात आठ प्रकारचे शिकारी प्राणी कसे? आजच्या एखाद्या जंगलात वाघ, बिबट्या, रानकुत्रा, लांडगा एवढी नावे मोजली की मोठे शिकारी संपतात. मग सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीच्या जबलपूरला एवढी गर्दी कुठून झाली? उत्तर जंगलात शोधण्यापेक्षा कपाटात शोधावे लागते. पहिली दोन नावे कवटीच्या हाडांवर दिलेली आहेत. उरलेली सहा फक्त सुट्या मणक्यांवर उभी आहेत. शिवाय त्याच थरातून निघालेली पायाची पुष्कळ हाडे वर्णन होऊन, पण नावाशिवाय, तशीच राहिली होती. या मणक्यांचे आणि पायांच्या हाडांचे पुढे काय झाले, त्यांच्या आधारे या अपरिचित प्राण्यांचे कुल कसे ठरले आणि मधे सत्तर वर्षे का गेली, हा या पाठाचा विषय आहे.

लमेटा थर

बारा सिमलाची हाडे ज्या खडकांत मिळाली त्यांना लमेटा थर म्हणतात. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे, त्यावरून हे नाव पडले. वालुकाश्म, चुनखडीयुक्त खडक आणि चिकणमाती असे हे थर क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस साचले आणि त्यांच्यावर दक्खन ट्रॅपचा लाव्हा पसरला. जबलपूर, गुजरातमधील बालासिनोर आणि विदर्भातील चंद्रपूर जिल्हा अशा दूरदूरच्या ठिकाणी ते तुकड्यातुकड्यांनी उघडे पडलेले दिसतात. खडकाचे वय आणि प्रकार यांचे महत्त्व येथेच लक्षात घ्यावे. हा पाठ वाचणारा विद्यार्थी बंगळुरूच्या कोरमंगल्यात राहत असेल, तर त्याच्या इमारतीच्या पायासाठी कितीही खोल खणले तरी डायनोसॉर मिळणार नाही. तेथे लागतो तो लालबागेतील प्रसिद्ध खडकासारखा पट्टिताश्म, सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे हाडे असलेला प्राणी जन्माला येण्याच्या फार आधीचा.

शेपटीपासून सुरुवात

भारतातील डायनोसॉर-संशोधनाची सुरुवातच शेपटीच्या मणक्यांनी झाली. ठगांच्या बंदोबस्तामुळे इतिहासात प्रसिद्ध असलेले विल्यम स्लीमन १८२८ साली जबलपूरला होते. बारा सिमला परिसरात अश्मीभूत लाकूड पाहत असताना त्यांना काही मोठी हाडे मिळाली. त्या वेळी ‘डायनोसॉर’ हा शब्दही तयार झालेला नव्हता. रिचर्ड ओवेन यांनी तो १८४२ मध्ये वापरला. स्लीमन यांच्याकडून ही हाडे स्पिल्सबरी या डॉक्टरांकडे आणि त्यांच्याकडून कोलकात्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेली. ब्राह्मी लिपी वाचणारे ते हेच प्रिन्सेप. पुढे ती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात आली आणि १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी शेपटीचे मणके व मांडीचे एक हाड यांच्या आधारे त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. दोनच वर्षांनी, १८७९ मध्ये, त्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावी मिळालेल्या शेपटीच्या मणक्यांवर ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी’ ही दुसरी जात उभी केली.

टायटॅनोसॉरस हा लांब मानेचा, शाकाहारी सॉरोपॉड. आपल्या थेरोपॉडांचा तो नातेवाईक असला तरी दूरचा. तरीही त्याची कथा येथे सांगावी लागते, कारण शेपटीवरून नाव देण्यातला धोका तिच्यात स्वच्छ दिसतो. लायडेकर यांनी ओळखीची खूण म्हणून जी निवडली ती अशी : मणक्याच्या पुढच्या बाजूस खोल खळगा आणि मागच्या बाजूस गोळा, म्हणजे एकाचा गोळा दुसऱ्याच्या खळग्यात बसतो. १८७७ साली ही खूण खरोखरच वेगळी होती. नंतर अर्जेंटिना, मादागास्कर, युरोप अशा अनेक ठिकाणी याच घडणीच्या शेपट्या मिळत गेल्या आणि जी खूण एका प्राण्याची होती ती एका मोठ्या गटाची झाली. शेवटी २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी दाखवून दिले, की ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ याला इतरांपासून वेगळा करणारे आता काहीही उरलेले नाही. म्हणून ते नाव वैध मानता येत नाही. लायडेकर यांची निरीक्षणे खोटी ठरली नव्हती. मणका तसाच होता, त्याच्या आजूबाजूला इतर मणके येऊन बसले होते.

हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

मॅटली आणि एक चिलखती गोंधळ

स्लीमननंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी चार्ल्स आल्फ्रेड मॅटली यांनी बारा सिमलाकडे पद्धतशीर लक्ष दिले. १९१७ ते १९१९ या काळात त्यांना टेकडीच्या उतारावर हाडांनी भरलेला थर सापडला. त्यात सॉरोपॉडांची हाडे होती, मांसाहारी प्राण्यांची होती, मगरीची असावीत अशीही होती. सांगाडा म्हणावा असे मात्र काहीच नव्हते. मान एकीकडे, पाय दुसरीकडे, कवटीचे तुकडे तिसरीकडे. कोणते हाड कोणत्या प्राण्याचे, हे थर पाहून सांगण्याची सोय नव्हती.

त्याचा पहिला परिणाम लगेच दिसला. १९२३ मध्ये मॅटली यांनी कमरेची हाडे, नडगीचे हाड आणि कातडीत रुतलेली हाडांची कवचे एकत्र करून ‘लमेटासॉरस इंडिकस’ नावाचा चिलखती शाकाहारी डायनोसॉर जाहीर केला. १९३५ मध्ये डी. के. चक्रवर्ती यांनी शीर्षकातच प्रश्न विचारणारा एक लहानसा लेख लिहिला : लमेटासॉरस खरोखर चिलखती डायनोसॉर आहे काय? त्यांच्या मते कंबर व पाय मांसाहारी थेरोपॉडाचे होते आणि कवचे दुसऱ्याच प्राण्याची होती. आज अभ्यासक चक्रवर्तींच्या बाजूचे आहेत. या लेखाची आठवण पाठ्यपुस्तकांत क्वचितच निघते; माझ्या मते ती निघायला हवी. परदेशी तज्ज्ञांनी ठरवलेली गोष्ट भारतीय अभ्यासकाने हाडांकडे पुन्हा पाहून बदलली, याचे हे फार जुने आणि नेमके उदाहरण आहे.

१९३३ चा ग्रंथ

मॅटली यांनी जमवलेल्या हाडांचा मुख्य अभ्यास जर्मनीतील ट्युबिंगेनचे फ्रीड्रिख फॉन ह्यूने यांनी केला. दोघांच्या नावाने मध्य प्रांतातील क्रिटेशस डायनोसॉरांवरचा ग्रंथ १९३३ मध्ये ‘पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका’ या मालेत प्रसिद्ध झाला. ह्यूने त्या काळातील सर्वांत अनुभवी डायनोसॉरतज्ज्ञांपैकी एक होते. थेरोपॉडांची मोठी व जड अंगाची ‘कार्नोसॉर’ आणि लहान व हलक्या अंगाची ‘सीलुरोसॉर’ अशी जी विभागणी अनेक दशके चालली, ती त्यांच्याच कामातून रूढ झाली. बारा सिमलाची हाडेही त्यांनी याच दोन खणांत टाकली. पायाची मोठी हाडे उत्तर अमेरिकेतील ॲलोसॉरसच्या कुलाकडे गेली, लहान हाडे सीलुरोसॉरांकडे.

आता त्यांनी दिलेली नावे नीट वाचू. ‘ऑर्निथोमिमॉइडिस’ म्हणजे ऑर्निथोमिमससारखा. ‘सीलुरॉइडिस’ म्हणजे सीलुरससारखा. ‘ड्रिप्टोसॉरॉइडिस’ म्हणजे ड्रिप्टोसॉरससारखा. ऑर्निथोमिमस, सीलुरस, ड्रिप्टोसॉरस हे तिन्ही उत्तर अमेरिकेतील प्राणी. म्हणजे जबलपूरच्या मणक्यांना नाव देताना तुलनेसाठी समोर कोण उभे होते, हे नावांच्या शेपटालाच लिहिलेले आहे. त्यात ह्यूने यांचा दोष शोधणे बरोबर नाही. १९३३ साली चांगले, जोडलेले थेरोपॉड सांगाडे होते ते प्रामुख्याने उत्तर अमेरिकेत आणि युरोपात. दक्षिण गोलार्धातून जे मिळाले होते ते फुटकळ होते. मादागास्करचेच पाहा : १८९६ मध्ये शार्ल देपेरे यांनी तेथील मांसाहारी डायनोसॉराला ‘मेगॅलोसॉरस’ या इंग्लंडच्या प्रजातीत बसवले, कारण त्यांच्याकडे दोन दात, एक नखर आणि काही मणके एवढाच ऐवज होता.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. भात शिजला आहे की नाही हे एका शितावरून कळते, कारण भांड्यातली सगळी शिते एकाच तांदळाची असतात. बारा सिमलाच्या थरात ती खात्री नव्हती.

शेपटीचा मणका कसा ओळखतात

येथे थोडे शरीरशास्त्र पाहिले पाहिजे, नाहीतर पुढचा वाद नुसता नावांचा वाटेल.

मणक्याचे ढोबळ दोन भाग असतात. खाली रिळासारखा दंडगोल, त्याला मणक्याचा पिंड म्हणू. आणि वर मज्जारज्जूला पांघरणारी कमान. पाठीच्या मणक्यावर बरगडी टेकण्याच्या जागा असतात. शेपटीला तशा बरगड्या नसतात, पण तिच्या बहुतेक मणक्यांच्या खालच्या कडेला छोटे सपाट भाग असतात. तेथे शेपटीखालची, रक्तवाहिन्यांना संरक्षण देणारी इंग्रजी व्ही अक्षरासारखी हाडे जोडलेली असतात. शेपटीतसुद्धा सगळे मणके सारखे नाहीत. कमरेजवळचे उंच असतात आणि त्यांना दोन्ही बाजूंना आडवे पंख फुटलेले असतात, कारण मांडी मागे खेचणारा प्रचंड स्नायू तेथून निघतो. टोकाकडे जाताना पंख लहान होत नाहीसे होतात आणि पिंड लांबट व बुटका होतो. एकाच जनावराच्या शेपटीतला पाचवा मणका आणि तिसावा मणका शेजारी ठेवले, तर न सांगता ते एकाच प्राण्याचे आहेत असे कोणी म्हणणार नाही.

जीवाश्म होताना कमान आणि पंख आधी तुटतात, पिंड टिकतो. नुसता पिंड हातात असला की तो पाठीच्या मागच्या भागातला की शेपटीच्या सुरुवातीचा, हा प्रश्न अनुभवी माणसालाही अडवतो. पाठीचे समजून वर्णन केलेले बारा सिमलाचे मणके पुढे शेपटीचे ठरले, यात म्हणून नवल नाही. पण त्याचा परिणाम मोठा असतो. शेपटीच्या मणक्याची तुलना दुसऱ्या प्राण्याच्या पाठीच्या मणक्याशी केली, तर फरक दिसणारच. आणि फरक दिसला की नवे नाव सुचतेच. एका शेपटीतील वेगवेगळ्या जागांचे मणके वेगवेगळ्या प्राण्यांचे होऊन बसण्याची शक्यता आठ नावांमागे आहे ती अशी.

पायाचे हाड का महत्त्वाचे

पळसाला पाने तीनच, तशी थेरोपॉडाच्या पायाला जमिनीवर टेकणारी बोटे सामान्यतः तीनच : दुसरे, तिसरे आणि चौथे. पहिले बोट आखूड असून वर लटकलेले असते. या बोटांतील हाडांची संख्या ठरलेली आहे : पहिल्यात २, दुसऱ्यात ३, तिसऱ्यात ४, चौथ्यात ५. शेवटचे हाड नखराचे, ज्यावर शिंगासारख्या पदार्थाचे टोकदार आवरण असते. म्हणजे एका पायात बोटांची १४ हाडे, दोन्ही पायांत २८. कवटी मात्र एकच, तीही पातळ हाडांची. बोटांची हाडे आखूड, भरीव व घट्ट. नदीने वाहून नेली तरी टिकतात. म्हणून हाडांच्या थरात कवटीपेक्षा बोटेच अधिक हाती लागावीत हे साहजिक आहे. पण ‘बोटाचे हाड’ म्हणून ती पेटीत पडून राहतात.

बोटांवरून ओळख पटवण्याच्या खुणा बारीक असतात. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे खळगे किती खोल, हाड रुंद की उभट, पायाच्या तळव्याची तीन लांब हाडे एकमेकांशी कोणत्या प्रमाणात. टायरॅनोसॉरस आणि ऑर्निथोमिमस यांच्या कुलांत तळव्याचे मधले हाड वरच्या बाजूला शेजाऱ्यांमध्ये चिमटल्यासारखे निमुळते होते. उलट अर्जेंटिनातील वेलोसिसॉरस या लहान थेरोपॉडात मधले हाड जाड आणि बाजूची दोन काडीसारखी बारीक आहेत. होसे बोनापार्ट यांनी १९९१ मध्ये त्याला नाव दिले ते मुख्यतः या पायावरूनच.

आपल्या कथेत निर्णायक ठरली ती नखराच्या हाडावरची खोबण. बहुतेक थेरोपॉडांत नखराच्या प्रत्येक बाजूला एक खोबण असते. ॲबेलिसॉरिड कुलात ती मुळाकडे जाताना दुभंगते, इंग्रजी वाय अक्षरासारखी, आणि दोन फाट्यांमध्ये त्रिकोणी उंचवटा राहतो. शिवाय इतरांत नखराच्या बुडाशी स्नायूचा दोर चिकटायला जो गड्डा असतो, त्याच्या जागी येथे खोलगट भाग असतो. ही खूण डोळ्यांनी दिसते, मोजपट्टीही लागत नाही. एका सुट्या नखरावरून कुल सांगता येते ते यामुळे.

नखर पायाचे आहे की हाताचे, हे मात्र आधी ठरवावे लागते. अर्जेंटिनातच १९८० मध्ये बोनापार्ट आणि जेम पॉवेल यांनी ‘नोआसॉरस’ नावाचा लहान थेरोपॉड वर्णन केला. त्याचे वाकडे, कोयत्यासारखे नखर त्यांनी पायाचे मानले आणि हा प्राणी पायाच्या नखराने भक्ष्य फाडत असावा असे चित्र तयार झाले. नंतरच्या अभ्यासात ते नखर हाताचे ठरले आणि ते चित्र पुसावे लागले.

अर्जेंटिनातून आलेली तुलना

१९८५ मध्ये बोनापार्ट आणि फर्नांडो नोवास यांनी पॅटागोनियातील एका मोठ्या कवटीला ‘ॲबेलिसॉरस’ असे नाव देऊन ॲबेलिसॉरिडे हे नवे कुल स्थापले. त्याच वर्षी शिंगे असलेला कार्नोटॉरसही जाहीर झाला. तोपर्यंत इंडोसूकसच्या कवटीचे काय मानले जात होते? ह्यूने यांनी तिला ॲलोसॉरसच्या कुलात टाकले होते. बार्नम ब्राउन यांनी १९२२ मध्ये बारा सिमला येथून न्यूयॉर्कला नेलेली हाडे तपासून शंकर चटर्जी यांनी १९७८ मध्ये इंडोसूकस टायरॅनोसॉरिड असल्याचे मांडले होते. अर्जेंटिनाची कवटी समोर आल्यावर दिसले, की इंडोसूकस आणि इंडोसॉरस यांचे खरे सगेसोयरे दक्षिणेत आहेत. चटर्जी स्वतः पुढे याच मताचे झाले.

मग पायांचा आणि शेपटीचा प्रश्नही १९८५ मध्येच सुटायला हवा होता. तो सुटला नाही, आणि कारण साधे आहे. ॲबेलिसॉरसची फक्त कवटी मिळाली होती. कार्नोटॉरसचा सांगाडा उत्तम होता, पण त्याचे पायाचे पंजे आणि शेपटीचा बराचसा भाग गायब होता. म्हणजे कुल स्थापन झाले, पण त्या कुलाचा पाय कसा असतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. बारा सिमलाच्या पेट्यांत ॲबेलिसॉरिड पाय पन्नास वर्षे पडून होते आणि ते ॲबेलिसॉरिड आहेत हे सांगायला जगात दुसरा पाय नव्हता. १९८६ मध्ये अर्जेंटिनातून झेनोटार्सोसॉरसचा मागचा पाय आला. त्याच्या नावाचा अर्थच ‘विचित्र घोट्याचा सरडा’. पुढे मादागास्करच्या उत्खननांत देपेरेंचा तो ‘मेगॅलोसॉरस’, आता मजुंगासॉरस या नावाने, कवटीपासून शेपटीपर्यंत उभा राहू लागला. २००१ मध्ये तेथूनच लहानसा मसियाकासॉरस जाहीर झाला. २००२ मध्ये अर्जेंटिनाच्या ऑकासॉरसचे पाय व शेपटी जोडलेल्या स्थितीत मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. तुलनेचे कपाट अखेर भरले.

पुन्हा कोलकात्याच्या पेट्यांकडे

नोवास यांनी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील शाश्वती बंद्योपाध्याय यांच्याबरोबर बारा सिमलाची हाडे पुन्हा तपासली. २००१ मध्ये दोघांचा एक छोटा लेख आला, केवळ पायाच्या नखरांवरचा : भारतातील नखरांवर ॲबेलिसॉरिड खुणा आहेत. २००४ मध्ये फेदेरिको आग्नोलिन यांना बरोबर घेऊन त्यांनी ह्यूने-मॅटली संग्रहाचा संपूर्ण फेरआढावा प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी या लेखाकडे वर्गीकरणाच्या शिस्तीचा नमुना म्हणून पाहावे. त्यात एकही नवे नाव दिलेले नाही.

मणक्यांबाबत त्यांचा निष्कर्ष असा : कॉम्प्सोसूकस, ड्रिप्टोसॉरॉइडिस, ऑर्निथोमिमॉइडिस आणि जबलपुरिया ही नावे ज्या मणक्यांवर आहेत ते मानेच्या आणि शेपटीच्या निरनिराळ्या जागांचे आहेत आणि त्यांत ॲबेलिसॉरिड व त्यांच्या जवळच्या गटाच्या खुणा दिसतात. ‘ऑर्निथोमिमससारखा’ म्हटलेला प्राणी ऑर्निथोमिमससारखा नव्हता. लेव्हिसूकसचे नाव मात्र टिकले. त्याच्या मानेचे मणके नोआसॉरस आणि मसियाकासॉरस यांच्याशी जुळतात, म्हणून तो या गटातला एक लहान प्राणी ठरला. ॲलोसॉरिड आणि सीलुरोसॉर म्हणून विभागलेली पायांची हाडेही याच दक्षिणी गटाकडे आली. मोठे म्हणजे कार्नोसॉर, लहान म्हणजे सीलुरोसॉर, हा जुना हिशेब बारा सिमलापुरता मोडला.

पायांबाबत एक निरीक्षण विशेष आहे. संग्रहात दोन प्रकारचे ॲबेलिसॉरिड पाय दिसतात. एकात तिसऱ्या आणि चौथ्या बोटांची हाडे जाड व दणकट. दुसऱ्यात चौथ्या बोटाची हाडे अरुंद पण उभी, जणू दोन्ही बाजूंनी दाबलेली. म्हणजे बारा सिमलाला किमान दोन वेगळे मोठे शिकारी वावरत असावेत. आणि कवट्याही दोनच प्रकारच्या : इंडोसूकस व इंडोसॉरस! हा पाय या कवटीला, तो त्या कवटीला, असे लावून टाकण्याचा मोह किती होईल. लेखकांनी ते केले नाही. कोणती कवटी कोणत्या पायाची याचा पुरावा थरात उरलेला नव्हता, आणि दोन कवट्या खरोखर दोन प्रजातींच्या आहेत की एकाच, हेही उपलब्ध माहितीवरून ठरत नव्हते; तसे त्यांनी लिहून ठेवले.

ही काटकसर समजून घेण्यासाठी पुढचा संदर्भ हवा. क्रिटेशसच्या अखेरीस भारत हा गोंडवनातून सुटून उत्तरेकडे सरकत असलेला भूखंड होता. त्याच्यावर कोण राहत होते, यावरून त्याचा संबंध कोणाकोणाशी आणि कधीपर्यंत होता हे मोजले जाते. जबलपूरला ॲलोसॉरिड, ऑर्निथोमिमससारखे आणि टायरॅनोसॉरिड प्राणी होते असे मानले, तर उत्तरेकडच्या खंडांशी जमिनीचा मार्ग शोधावा लागतो. तीच हाडे ॲबेलिसॉरिड ठरली, की मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेशी असलेले जुने नाते दिसते आणि तो मार्ग शोधण्याची गरजच राहत नाही. शेपटीच्या एका पिंडाला चुकीच्या जागी ठेवल्याने खंडांमध्ये पूल बांधण्याची वेळ येऊ शकते.

रहियोली : सांगाडा मिळाल्यावर

बारा सिमलाशी तुलना करायला गुजरातमधील बालासिनोरजवळचे रहियोली योग्य आहे. तेथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी १९८२ ते १९८४ दरम्यान हाडे काढली, तेव्हा कोणते हाड कोठे पडले होते याचा नकाशाही काढून ठेवला. हाडे नंतर विखुरली असती तरी नकाशा होता. त्यामुळे कवटीचा मागचा भाग, कणा, कंबर, पाय आणि शेपटी एकाच प्राण्याची म्हणून एकत्र आणता आली आणि २००३ मध्ये विल्सन, पॉल सेरेनो, श्रीवास्तव, अशोक साहनी आणि इतरांनी ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हा ॲबेलिसॉरिड जाहीर केला. भारतीय थेरोपॉडाचा एवढा सांगाडा एका प्राण्याचा म्हणून प्रथमच मांडला गेला. कागदावरच्या त्या नकाशाने जे साधले ते बारा सिमलाच्या आठ नावांना साधले नव्हते.

रहियोलीतूनच भारतीय सांख्यिकी संस्थेच्या चमूने १९९५ आणि १९९७ मध्ये काढलेल्या हाडांवरून नोवास, चटर्जी, रुद्र आणि दत्ता यांनी २०१० मध्ये ‘राहियोलीसॉरस गुजरातेन्सिस’ हे नाव दिले. येथे हाडे पुन्हा मिसळलेली होती, पण त्यांनी एक जुनी, साधी युक्ती वापरली. उजव्या पायाच्या नडगीची हाडे मोजली. ती सात निघाली, लहानमोठ्या आकारांची. एका प्राण्याला उजवी नडगी एकच, म्हणजे किमान सात प्राणी. राजासॉरस अंगाने दणकट, तर हा तुलनेने सडपातळ पायांचा.

संग्रहांचे काम

हाड एकदा मिळाले की कायमचे आपले झाले, असे समजू नये. टायटॅनोसॉरस इंडिकसचे मूळ मणके अनेक वर्षे सापडत नव्हते. अभ्यासक चित्रांवर आणि साच्यांवर काम चालवत होते. नागपुरात दीर्घकाळ काम केलेले धनंजय मोहबे, सुभाशीष सेन आणि जेफ्री विल्सन यांच्या शोधात २०१२ मध्ये कोलकात्याच्या संग्रहातच मूळ नमुना पुन्हा हाती लागला आणि त्याची हकीकत २०१३ मध्ये बंगळुरूहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आली. स्लीमन यांनी उचललेले हाड १८५ वर्षांनी छापील लेखात दुसऱ्यांदा ‘सापडले’. लहान थेरोपॉडांचा असाच फेरआढावा मोहबे, नागपूर विद्यापीठातील बंदना सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलीकडे घेतला आहे. त्यात नोआसॉरिड गटाच्या कवटीच्या नव्या अवशेषांचे वर्णन आहे. लेव्हिसूकसच्या कुलाला आता भारतात मणक्यांपलीकडचा पुरावा आहे.

मोठ्या प्राण्यांचे दोन पाय मात्र २००४ च्या लेखाने जेथे ठेवले तेथेच आहेत : एक जाड बोटांचा, एक चपट्या चौथ्या बोटाचा. त्या लेखात त्यांना नाव नाही, संग्रहातील क्रमांक आहेत.